रेंतीचे टोले

बंजारच्या, वस्तीच्या पंचायतीच्या, मांडवात पोरे बांबूचा राक्षस बांधत होती. मौनाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याची मिरवणूक निघायची होती. काम करता करता एक जण म्हणाला, "उद्याच्या सभेत केतुतच्या घराला वाळीत टाकणार आहेत. बरं झालं. फार शेफारला होता."

दोघे-तिघे हसले.

पेकाक रुंडा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. पेकाक म्हणजे आजोबा, आणि ते साऱ्या वस्तीचेच आजोबा होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"बसा इकडे," ते म्हणाले. "निओमन लात्राची गोष्ट तुम्हांला अर्धीच ठाऊक आहे. उरलेली ऐका."

बुधवार होता, आणि कजेंग क्लिवोन. पंधरा दिवसांनी येणाऱ्या या रात्री फाटकाशी जमिनीवर भुतांसाठी रंगीत भात ठेवल्याशिवाय कुणी झोपत नाही. लात्रा त्या संध्याकाळी गॅसची टाकी आणायला निघाला होता. दुकान त्याच्या घरासमोरच होते, पण दुकानदार त्याला टाकी देत नसे. म्हणून चार किलोमीटरवरच्या गावी जाऊन त्याने टाकी मोटरसायकलला बांधून आणली. वाटेत पंधरा माणसे भेटली. एकानेही मान वळवली नाही.

त्याचा गुन्हा असा, की पर्यटकांच्या बंगल्यांच्या वाहनतळासाठी शेताचा तुकडा द्यायला त्याने नकार दिला. पाणी अडेल, खालची सहा शेतं सुकतील, एवढेच तो सभेत म्हणाला होता. बंजारने त्याला वाळीत टाकले.

"हात वर करणाऱ्यांत मीही होतो," पेकाक म्हणाले. "हा हात."



सात महिन्यांनी लात्राची बायको रेंती तापाने गेली. वाळीत टाकलेल्यांना स्मशान बंद. लात्रा क्लियानच्या, म्हणजे वस्तीच्या प्रमुखाच्या, दारात उभा राहिला. म्हणाला, "तिला मी तिच्या माहेरी पुरतो. तुमची जमीन नको. पण मनोऱ्यावरच्या कुलकुलवर मरणाचे टोले तेवढे पडू देत. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टोल्यांवर ती हातातलं काम टाकून धावत गेली."

"आधी सभेत हात जोड," क्लियान म्हणाला. "माफी माग."

"कशाची?"

"तेही आम्हीच सांगायचं?"

फणसाच्या लाकडाचा, दोन मोगऱ्यांनी बडवायचा तो पोकळ कुलकुल त्या दिवशी मुका राहिला. अकरा किलोमीटरवर, परक्या स्मशानाच्या कडेला, लात्राने आणि तिच्या दोन भावांनी तिला पुरले. गावाचे सामुदायिक दहन होईल तेव्हा तिची हाडे काढायची होती, पण ज्या बाईसाठी टोलेच पडले नाहीत तिला दहनाच्या यादीत कोण घेणार? घरी येऊन लात्राने देव्हाऱ्यातली फुले उकिरड्यावर टाकली. त्या दिवसापासून त्याच्या घरात ना फूल, ना उदबत्ती, ना भुतांचा भात.

त्या बुधवारी टाकी उतरवून तो ओसरीवर आला. एक खोली त्याने भाड्याने दिली होती. तिथे एल्के नावाची परदेशी बाई आठवडाभर राहत होती, दिसेल ते वहीत लिहीत होती.

"किती शांत माणसं आहात तुम्ही," ती म्हणाली. "आठ दिवसांत इथे कुणी कुणावर ओरडलेलं ऐकलं नाही."

"बोलतच नाहीत, तर ओरडतील कुठून?"

तिला तो विनोद वाटला. हसून तिने वहीतले वाचून दाखवले. भातशेतातली बदके, डोक्यावर फळांचा मनोरा घेऊन देवळात निघालेल्या बाया, कोंबड्यांच्या टोपल्या. मग म्हणाली, "आणि सगळ्यांत सुंदर तुमची पहाट. मालकीणबाई फाटकाशी भात ठेवतात, उदबत्ती लावतात. खाली बसताना उजवा गुडघा हाताने धरतात. मी रोज नमस्कार करते. त्या बोलत नाहीत."

"कोण मालकीणबाई?"

"तुमच्या पत्नी."

लात्राची कानशिले तापली. बंजारमधलंच कुणीतरी एखाद्या बाईला पाठवत असणार. मेलेल्या बाईच्या गुडघ्याची नक्कल करायला. माणसाला वाळीत टाकून पोट भरले नव्हते यांचे.

कोयता घेऊन तो फाटकाच्या आत, भिंतीला टेकून अंधारात बसला. "आज जी येईल," तो मनाशी म्हणाला, "तिला झिंज्या धरून क्लियानच्या दारात नेतो."

बारा वाजले. एक वाजला. बेडूक ओरडत होते. तीनला दहा मिनिटे असताना ते थांबले. सगळे एकदम.

गल्लीतली कुत्री उठली. भुंकली नाहीत. भिंतीला अंग घासत निघून गेली.

लात्राने फाटकाबाहेर पाहिले. पायरीवर भात होता. पाच रंगांचा. शेजारी उदबत्तीचे लाल टोक.

कुणी आले नव्हते.

तो उठला. कोयता घट्ट धरला. लाल टोकही उठले. रस्त्याने चालू लागले.

"थांब," तो ओरडला. "थांब तिथं. कुणी पाठवलं तुला?"

तो मागे धावला. टोक पुढे. कमरेच्या उंचीवर. दर पाचव्या पावलाला जरा खाली जायचे… थांबायचे… पुन्हा वर. गुडघा दुखणारे माणूस थांबते तसे.

लात्राच्या हातून कोयता पडला.

"रेंती…"

टोक वळले नाही. बंजारच्या चौकात आले. मनोऱ्याच्या पायऱ्या चढू लागले. एक. मग विसावा. दुसरी. मग विसावा. वर पोचले. विझले.

आणि कुलकुल वाजला.

मरणाचे टोले. संथ. एकामागून एक.

ते ऐकल्यावर आपल्याकडे कुणी अंथरुणात राहत नाही. माणसे कमरेला वस्त्र गुंडाळत आली. बाया तांदळाची वाटी घेऊन आल्या. "कोण गेलं?" "कुणाकडचं?" जो तो दुसऱ्याला विचारत होता. क्लियान आला, आणि वर न बघताच गरजला, "त्या लात्राचीच करणी ही. ओढा त्याला खाली."

"मी इथं आहे," लात्रा म्हणाला.

तो त्यांच्या मधोमध उभा होता. वर टोले पडतच होते.

कुणी हलेना. शेवटी पेकाक रुंडाच चढले. सर्वांत म्हातारे तेच, त्यांना गमवायला काय होते? शेवटच्या पायरीवर त्यांनी पाऊल ठेवले, तेव्हा आवाज थांबला. वर कुणी नव्हते. कुलकुल दोरावर झुलत होता. खुंटीवरच्या दोन्ही मोगऱ्या नव्हत्या.

"मग?" एका पोराने विचारले.

मग अडचण झाली. टोले पडल्यावर आणलेला तांदूळ घरी परत नेता येत नाही. मेलेल्याच्या दारातच तो ठेवावा लागतो. आणि कुणाच्या दारात, हे त्या रात्री कुणी कुणाला विचारले नाही. लात्रा चालू लागला. मागून सत्तर घरे चालू लागली. क्लियानसुद्धा.

लात्रा फाटकात उभा राहिला. कुणाला आत या म्हणाला नाही.

"आत्ता वेळ झाला तुम्हांला?" तो म्हणाला. "ठेवा. आणि जा."

क्लियानने काहीतरी बोलायला तोंड उघडले.

"तू बोलू नकोस. ठेव आणि जा."

वाट्या जमिनीवर टेकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. उजाडेपर्यंत.

सामुदायिक दहनाच्या यादीत रेंतीचे नाव पहिले लागले. तिच्या माहेरी हाडे काढायला लात्राबरोबर पेकाक रुंडाच गेले. मातीवर गवत दाट, कुणी खणल्याची खूण नाही. कुदळ रुंडांनीच मारली.

पेकाकांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. पोरांच्या हातांतले बांबू तसेच राहिले होते.

"दोन्ही मोगऱ्या मातीखाली होत्या," ते म्हणाले. "तिच्या हातांच्या हाडांत. मीच केल्या होत्या त्या, टोले पडले त्याच्या महिनाभर आधी. नव्या कोऱ्या. पण मुठीची जागा झिजून बोटाएवढी बारीक झाली होती… वर्षानुवर्षं कुणी वाजवत बसल्यासारखी."