चार पूर्णांक एक

शनिवारी संध्याकाळी दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा भरायची आणि त्यांची अंतर मोजणारी दोन्ही मीटर शून्यावर आणून ठेवायची, हा त्या घरातला एकोणीस वर्षांचा शिरस्ता होता. बायको जाऊन सात महिने झाले तरी तपासनिसाच्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःची सायकल झाली की ते हात आपसूक भिंतीकडे वळायचे. तिथे हुकाला तिची सायकल टांगलेली होती. हवा भरायची, बटण दाबायचं, आकडा शून्य. मग कपाळाला हात लावून तो स्वतःशीच म्हणायचा, "वेडा आहेस झालं."

माणूस वेडा मात्र अजिबात नव्हता. वजनकाटे तपासण्याचं त्याचं काम. औषधांचे कारखाने, प्रयोगशाळा, सोनारांची दुकानं, सगळीकडचे काटे त्याच्या हाताखालून गेलेले. आकडा तीनदा सारखा आल्याशिवाय तो खरा मानत नसे. बायको चारचौघांत सांगायची, "माझा होकारसुद्धा यांनी तीनदा विचारून घेतला. तिसऱ्यांदा मी नाही म्हणणार होते, पण दया आली."

रविवारची त्यांची वाट ठरलेली. वसाहतीच्या मागून, घरांच्या कुंपणांना चिकटून कालव्याकाठानं जाणारी गुळगुळीत डांबरी वाट. मध्ये पांढरा पट्टा, दर अर्ध्या किलोमीटरला चुन्यानं रंगवलेला दगड. पुढे छोटा पूल, आणि पूल ओलांडला की एक लोखंडी बाक. शेवटच्या वर्षात तिला धाप लागायची, म्हणून ती त्या बाकापर्यंतच यायची. रुमालानं बाक पुसून बसायची. तो पुढे शेवटच्या दगडापर्यंत जाऊन यायचा, आणि मग दोघं मिळून घरी.

अशाच एका रविवारी तो "बस इथेच, आलोच" म्हणून पुढे गेला आणि कारखान्यातून फोन आला. काटा बिघडलाय, काम ठप्प आहे, ताबडतोब या. तो बाकाकडे न वळता वरच्या रस्त्यानं तसाच थेट कारखान्यात गेला. तिचा फोन घरी राहिलेला. अर्ध्या तासात कंटाळून जाईल घरी, असं तो धरून चालला. ती दीडला परतली, उन्हानं लाल झालेली. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणालात बस, म्हणून बसले." तो म्हणाला, "हो अगं, काम होतं." माफी मागायची राहिली. संध्याकाळी मागू, उद्या मागू, असं करत वीस दिवस गेले आणि एका पहाटे तिचं हृदय थांबलं.

तेव्हापासून तो पुलापर्यंत जातच नसे. पुलाअलीकडे डावीकडे वळायचं, मैदानाला वळसा घालायचा, परत. नऊ पूर्णांक सहा किलोमीटर. त्या बाकाकडे बघण्याची त्याची छाती नव्हती.

आणि एका रविवारी फिरून आल्यावर मागच्या खोलीत सायकल ठेवताना त्याची नजर सहज भिंतीवर गेली. तिच्या मीटरवर ४.१ होतं.

काल आपण बटण नीट दाबलं नसणार, दुसरं काय! आकडा ओळखीचा होता, पण ओळखीच्या आकड्यावर तर तो जास्तच संशय घ्यायचा. त्यानं मीटर शून्यावर आणलं आणि आंघोळीला गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा ४.१.

आता त्याच्यातला तपासनीस जागा झाला. मीटर बिघडलंय, हे उघड होतं. त्यानं नवी बॅटरी घातली. चाकाच्या तारेवरचं चुंबक, ज्याच्यावर मीटर फेरे मोजतं, ते काढून टेबलाच्या खणात ठेवलं. चुंबकाशिवाय मीटर मोजेल कसं? मीटरवर त्यानं कामावरची लाल चिठ्ठीसुद्धा चिकटवली: नादुरुस्त. आयुष्यभर हेच केलेलं. आकडा पटला नाही की दोष यंत्राचा.

त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावात राहायची.

"बाबा, आईची सायकल माझ्या मैत्रिणीला हवीये. भिंतीला टांगून गंजवण्यापेक्षा कुणी चालवेल तरी. येत्या रविवारी गाडी घेऊन येते."

"तिचं मीटर बिघडलंय."

"मीटर कुणाला हवंय? बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"अगं, मला काय धाड भरलीये?" तो म्हणाला. सायकल देणार नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण कारण काय सांगणार? "ये तर खरी, मग बोलू."

शनिवारी त्यानं दोन्ही मीटर शून्यावर आणली, मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

सकाळी आठला, बाहेर पडण्याआधी, त्यानं कुलूप काढलं. खोलीत ओल्या गवताचा वास होता. चुंबक खणात जिथल्या तिथे होतं. तिच्या सायकलीचं पुढचं चाक हवेत अगदी संथ फिरत होतं, आणि टायरच्या खाचांत पुलापलीकडच्या झाडांचा पिवळा फुलोरा अडकला होता. पुलाच्या अलीकडे ती झाडंच नाहीत. लाल चिठ्ठीखालून आकडा दिसत होता.

४.१.

तीनदा. आता मात्र मानणं भाग होतं. घरापासून त्या बाकापर्यंतचं अंतर चार पूर्णांक एक. जाऊन येऊन आठ पूर्णांक दोन व्हायला हवं. मीटरवर फक्त जाणं होतं, येणं नव्हतं.

"अगं बाई," तो म्हणाला, "अजून तिथेच बसली आहेस?"

स्वतःच्या मीटरवरचं शून्य बघून तो निघाला. मुलगी दहापर्यंत यायची होती. पुलाजवळ वाट झाडणारा ओळखीचा माणूस दिसला.

"काय काका, बऱ्याच दिवसांनी इकडे?"

"हो. इकडे... कुणी येतं का हो सकाळी?"

"माणूस नाही दिसत कुणी." तो झाडूवर रेलला. "पण पलीकडचा तो बाक आहे ना, दर रविवारी पुसलेला असतो. दव पडून सगळं चिंब, आणि तेवढा बाक कोरडा ठणठणीत. दोन माणसांपुरता."

तपासनिसानं सायकल हातात धरून पूल ओलांडला.

बाक कोरडा होता. तो डावीकडे बसला, उजवी बाजू तिची. कालव्याचं पाणी हलत नव्हतं. पाठीला लोखंडी पट्टी टेकली, थंडगार. दोन-तीनदा त्यानं घसा खाकरला.

"चुकलं माझं," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी यायला हवं होतं. कारखाना काय, पळून जाणार होता? तू बसून राहिलीस, आणि मी साधं विचारलंसुद्धा नाही की ऊन लागलं का." मग त्याला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं. "फार आठवण येते गं. घर खायला उठतं. चल आता, घरी चल."

थोड्या वेळानं छातीवरचं ओझं असं काही हललं की त्याला आतून हलकं वाटायला लागलं. तो उठला आणि निघाला. तिला धाप लागू नये म्हणून चालवायचा तसा, सावकाश. पूर्ण वाटभर मागून एका साखळीची बारीक किरकिर येत होती. त्या साखळीला तेल घालायचं त्याच्याकडून कायम राहून जायचं.

झाडणाऱ्यासमोरून जाताना त्यानं हात केला. त्या माणसाचं लक्ष नव्हतं.

मागच्या खोलीत तिची सायकल हुकाला होती. चाक आत्ता कुठे थांबत होतं. त्यानं लाल चिठ्ठी नखानं खरवडून काढली.

८.२.

"आलीस," तो म्हणाला. किती महिन्यांनी त्याला हसू आलं. आता मुलीला ठणकावून सांगायचं, ही सायकल या घरातून कुठेही जाणार नाही.

सवयीनं त्यानं स्वतःचं मीटर बघितलं.

४.१.

बिघडलं वाटतं. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. ४.१. बोटानं काच टिचकावली, थांबला, तिसऱ्यांदा बघितलं.

४.१.

बाहेर गाडीचं दार वाजलं. मुलगी स्वतःच्या किल्लीनं घरात आली. "बाबा! ओ बाबा!" स्वयंपाकघर, पुढची खोली, मग मागच्या खोलीचं दार. तिनं खोलीभर नजर फिरवली. ती त्याच्यावरूनही फिरली आणि कुठेच अडली नाही.

"नाही, बाबांची सायकल नाहीये," ती फोनवर नवऱ्याला म्हणाली. "फिरून यायचेत अजून. ते आले की उगाच हळवे होतील रे, त्यापेक्षा आईची सायकल आधीच गाडीत टाकते."

"थांब," तो म्हणाला.

तिनं सायकल हुकावरून अलगद उतरवली.

"थांब गं. ती नेलीस तर मला आणायला कोण येईल?"

चाकं टिकटिक करत दाराबाहेर गेली. त्याला तिच्यामागे धावायचं होतं, पण उठताच येईना. समोर न हलणारं पाणी होतं, शेजारची जागा रिकामी होती, आणि पाठीला लोखंडी पट्टी तशीच टेकलेली होती, थंडगार.