बर्फावरची साक्ष

याकोब मास्तर वारले त्या सकाळी शलमोन नगरहून पहिल्या एसटीनं गावात उतरला. पिशवीत दोन शर्ट, आईसाठी घेतलेली खोकल्याच्या औषधाची बाटली आणि स्टँडजवळच्या भाड्याच्या वाचनालयातली एक कादंबरी. मिशन कंपाउंडच्या फाटकाशीच पाळकसाहेबांनी त्याला गाठलं.

"बरा आलास. कॉलेज सोडून रिकामाच हिंडतोस ना? मास्तरांजवळ वाचायला बस."

"दुसरं कुणी नाही?"

"सगळे पाझर तलावाच्या कामावर गेलेत. एक खाडा झाला की मुकादम नाव उडवतो. मास्तरांचा मुलगा नागपूरहून निघालाय, उद्या पोचेल. तोवर प्रेत एकटं ठेवायचं नाही अन् वाचन थांबवायचं नाही. एवढं तरी कर. त्यांच्या बोर्डिंगची भाकर खाल्लीयस तू."

"भाकरी माझी आई थापायची, साहेब."

पाळकसाहेबांनी ते ऐकलंच नाही. ऐकू न येणं ही त्या कंपाउंडातल्या म्हाताऱ्यांची जुनी विद्या होती.

शलमोन सरळ घरी गेला असता. पण मास्तर मेलेले एकदा डोळे भरून बघावेत असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याला कारण होतं. त्याचा थोरला भाऊ दानिएल, घरचा दानू, नववीत असताना बोर्डिंगच्या मळ्यातल्या विहिरीत तरंगताना सापडला होता. पोरानं जीव दिला, असं मास्तरांनी पंचांपुढे सांगितलं. झालं! जीव देणाऱ्यासाठी देवळाची घंटा वाजत नाही, त्याला भिंतीच्या आत जागा मिळत नाही. दानूला कंपाउंडाबाहेर निवडुंगाच्या कडेला पुरलं. तेव्हापासून आई दर रविवारी उपासना सुटली की भिंतीला वळसा घालून तिथं जाऊन बसायची. माझ्या लेकरानं खरंच जीव दिला का, एवढंच तिला हवं होतं. ते विचारायला ती मास्तरांच्या दारात कितीदा उभी राहिली. "देवाला ठाऊक," मास्तर म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे.

आता देवाखेरीज ज्याला ठाऊक होतं तो एकच माणूस तोंड मिटून बर्फावर पडला होता.

बर्फ नगरहून टेम्पोतून आला होता, भुशात गुंडाळून. मधल्या खोलीत लाद्यांवर फळी, फळीवर मास्तर, अंगावर पांढरी चादर. बाहेर तापलेला वारा सुटला होता. माशा नकोत म्हणून दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळं भर दुपारी खोलीत कंदिलाचा उजेड. ओल्या भुशाचा वास, फिनेलचा वास, आणि त्या दोहोंच्या खालून हळूहळू वर येणारा तिसरा. लाद्यांखालच्या घमेल्यात पाणी ठिबकत होतं. टप... टप... गावात हंडाभर पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि मास्तर मेल्यावरसुद्धा पाण्यावर आडवे झाले होते.

ओसरीवर मास्तरांची थोरली बहीण दीनाबाई काठी घेऊन बसली होती. तिनं आत न बघताच सांगितलं, "आवाज बंद करायचा न्हाई. काय वाटंल ते हुंदे, वाचत ऱ्हायचं. मोठ्यानं."

शलमोननं स्तोत्रं वाचायला घेतली. याच मास्तरांनी हीच स्तोत्रं पोरांकडून छडीच्या धाकानं पाठ करून घेतली होती. दहा-बारा झाली तशी त्याची जीभ जड झाली. तो थांबला. ओसरीवर काठी आपटली, ठक्! "वाच रं!"

म्हातारीला नुसता आवाज पाहिजे, शब्द कुठले का असेनात, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पिशवीतून कादंबरी काढली, पवित्र शास्त्रावर उघडी ठेवली आणि स्तोत्रांच्याच चालीत वाचायला लागला.

आणि काय कादंबरी होती! साल दोन हजार एकाहत्तर. चंद्रावर काचेच्या घुमटाखाली वसलेलं शहर. पावसाची वाट बघायची भानगड नाही, एक गोळी चघळली की दिवसभराची तहान गेली. यंत्रमानव रस्ते झाडतायत, पोलीस तबकड्यांत बसून हिंडतायत. साठी उलटलेल्यांना तिथं गुपचूप शीतपेटीत ठेवून देतात, शहाणपणा शिकवायला ते बाहेर येत नाहीत. त्या ओळीला शलमोनला हसू फुटलं. प्राणवायूचा एक बडा व्यापारी खून होऊन पडलाय, पाच जणांवर संशय, आणि तपासाला आलाय इन्स्पेक्टर चंद्रहास. पान उलटायच्या घाईत शलमोन उकाडा विसरला, वास विसरला, समोर कोण पडलंय तेही विसरला. कॉलेजच्या दोन वर्षांत एका पुस्तकानं त्याला इतकं धरून ठेवलं नव्हतं.

आठव्या प्रकरणात चंद्रहास शवागारात उतरतो. त्या काळात मुडद्याची साक्ष घेतात. बर्फात ठेवलेला मेंदू काही तास जागा असतो आणि त्याला खोटं बोलता येत नाही. चंद्रहास वाकतो, प्रेताच्या कानाशी तोंड नेतो.

शलमोननं रंगात येऊन वाचलं, "मरताना तुझ्या खोलीत कोण होतं?"

"दीना."

त्यानं पुढचं वाक्य अर्धं वाचलंसुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं, पुस्तकात हे उत्तर नव्हतं.

ठिबकणं थांबलं होतं. चादर हलली नव्हती. बर्फ तडकला असेल... लादी तडकली की असा आवाज येतो... त्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि बोट ठेवून तीच ओळ परत वाचली. या वेळी हळू.

"मरताना... तुझ्या खोलीत... कोण होतं?"

"दीना. पाणी मागितलं. तिनं दिलं नाही."

आवाज मास्तरांचाच. वर्गात हजेरी घेतानाचा, कोरडा, कुठं चढ नाही, उतार नाही.

ठक्! ठक्! ओसरीवर काठी. "थांबू नको! वाच!"

शलमोनचे पाय दाराकडे वळले होते. पण भीती छातीपर्यंत चढली आणि तिथं तिला आधीपासून बसलेला राग भेटला. उद्या हा माणूस भिंतीच्या आत घंटेच्या नादात पुरला जाणार. बर्फ तर विरघळत चाललाय. त्यानं पुस्तक मिटलं, चंद्रहाससारखा वाकला. मास्तरांच्या कानातून गारवा येत होता, आडाच्या तोंडातून येतो तसा.

"मास्तर... आमचा दानू विहिरीत कसा गेला?"

"मी उतरवला."

"का?"

"त्याच्या हातून पोहरा सुटला होता. शिक्षा केली. कमरेला दोर बांधून उतरवला."

"दोर... दोर कुणी धरला होता?"

"मी."

"मग?"

"सांजेच्या प्रार्थनेची घंटा झाली. दोर रहाटाला गुंडाळला आणि हॉलात गेलो. गाठ नीट बसली नाही."

घमेल्यात एकच थेंब पडला.

"त्यानं... हाक मारली?"

"पुष्कळ. हॉलात ऐकू येत होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गीत मोठ्यानं म्हणायला सांगितलं. प्रार्थना मोडायची नसते."

त्या सांजेला शलमोन त्या हॉलात होता. पाचवीत. मास्तर म्हणाले होते, पोरांनो, आज देवाच्या कानी जायला पाहिजे, असं गा! आणि शाबासकीच्या आशेनं तो शिरा ताणून गायला होता. आई तेव्हा माहेरी गेलेली. हाक त्याला ऐकू आली होती का? त्यानं आठवून पाहिलं. त्याला फक्त गाणं आठवलं.

तो धडपडत ओसरीवर आला. उन्हानं डोळे दिपले.

"दीनाबाई, तुमचा भाऊ... बोलतोय!"

म्हातारीनं मान वर केली नाही. "पहाटं जीव गेला तवापासनं बोलतुया," ती म्हणाली. "त्याच एका गोष्टीवर येतुया फिरून फिरून. त्याबिगर का तुला वाचाया बशिवलंय? पाळकालाबी ऐकू आलं की. त्यो म्हनला, मोठ्यानं वाचनारा पोरगा बगा."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? इतकी वर्षं? माझी आई या दारात येऊन रडायची, तेव्हा तुम्ही तिला चहा पाजून वाटेला लावायच्या!"

"कशाला वरडतुस? मेलेलं लेकरू आत घेतलं काय न् भाईर ठेवलं काय. जित्या मानसाची अब्रू ऱ्हाती." तिनं काठी आपटली. "जा. वाच."

शलमोन आत गेला नाही. त्यानं खोलीचं दार सताड उघडलं, खिडक्या उघडल्या आणि उंबऱ्यावर बसून राहिला.

दिवस कलला तशी माणसं कामावरून आली, बरीचशी बोर्डिंगातच वाढलेली. केसांत खडीची धूळ, हातांना घट्टे. पाळकसाहेब आले. शलमोननं अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, एकही शब्द न गिळता. कुणी कुणाकडे बघेना.

"ऊन लागलंय त्याला," पाळकसाहेब म्हणाले.

"मग आत चला. दोन मिनिटं गप उभे राहा. ऐका!"

सगळे आत आले. खोलीत माणसं मावेनात. क्षणभर शांतता झाली, आणि चादरीखालून श्वास ओढल्यासारखं काहीतरी सुरू होतंय तोच पाळकसाहेबांनी गीत धरलं. पाठोपाठ सगळ्यांनी. मोठ्यानं. गळ्याच्या शिरा फुगवून. डोळे मिटून.

गर्दीतली एकजण मात्र गात नव्हती. शलमोनची आई, मुक्ताबाई. तीही खडी फोडूनच आली होती. ती लोकांना कोपरानं बाजूला सारत पुढं गेली आणि तिनं हात वर केला.

"गप ऱ्हावा समदी."

कधी मान वर न करणाऱ्या बाईचा तो आवाज ऐकून गाणं मधल्या ओळीवर तुटलं. पाळकसाहेबांचंसुद्धा. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, फळीशी खाली बसली आणि मास्तरांच्या तोंडाला कान लावला.

लोकांना काही ऐकू आलं नाही. शलमोनलाही नाही. बर्फाचा चुरा तेवढा खाली घसरत होता. पण आई मान हलवत होती. "व्हय," ती मधूनच म्हणायची. "व्हय रं बाबा... हां..." मग ती काहीतरी पुटपुटायला लागली, एकसारखं, बोटांची पेरं मोजत. बऱ्याच वेळानं उठली तेव्हा फळीखाली नुसतं पाणी होतं.

"दानूला आत घ्यायचं न्हाई," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "हाय तितंच बरा हाय त्यो." आणि चालायला लागली.

शलमोननं तिला फाटकाबाहेर गाठलं. अंधारून आलं होतं. आईचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत दिसत होता, आणि त्या निवांतपणाचीच त्याला भीती वाटली.

"आई, काय म्हणाले मास्तर?"

"मास्तर कुटं बोलला? दानू हुता."

शलमोनचा पाय अडखळला. "काय... काय म्हणाला?"

"त्या सांजंला हॉलात कोन कोन गात हुतं, त्यांची नावं इचारीत हुता. म्या समद्यांस्नी भाकऱ्या करून घातल्यात, मला न्हाई ठाव व्हायाची? सांगितली एकेक करून."

मागं कंपाउंडात पुन्हा गीत सुरू झालं होतं, पण आता त्यात एक आवाज कमी वाटत होता.

"माझं?" शलमोननं विचारलं. "आई... माझं नाव सांगितलंस?"

"न्हाई बाबा. तू बी माजंच लेकरू न्हव्हं?" तिनं थांबून त्याच्या केसांवरून हात फिरवला. तिचा हात बर्फासारखा गार होता. "म्या तुजं गाळलंच. तर त्योच म्हनला, शलमोनचं नगं सांगू आई... त्याचा आवाज मला वळखू आला हुता."