आधी हात, मग विचार

सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत उत्तरा कारंडेने काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला आणि दहाच मिनिटांत तो बाद ठरला.

डावाची सुरुवात जुन्या स्पॅनिश पद्धतीची. तेविसाव्या खेळीला तिने घोडा फुकट दिला. तिसाव्या खेळीला रेहान मुजावरने हार मानून राजा आडवा केला. ग्रँडमास्टर किताबाला एवढा एकच विजय कमी होता, तोही वयाच्या पन्नाशीत. आणि मुख्य पंच शेवडे आलेख दाखवत म्हणत होते, "घोड्याची खेळी तुमची नाही, बाई."

सभागृहात प्रत्येकाच्या कपाळावर मनोलेखी असे. विचार कधी पक्का झाला आणि हात कधी हलला, हे ती पट्टी टिपायची. डोक्यात लपवलेल्या चिपवरून खेळी आली, की हात आधी हलतो आणि 'मी ठरवलं' हा विचार मागून येतो. म्हणून नियम सरळ होता: हात आधी, तर कृती बाद.

"चाळीस वर्षं खेळतेय मी!" उत्तराचा संताप अनावर झाला. "भाकरी थापणारी बाई थापा मोजते का?"

"नाही मोजत," मनोलेखी बनवणाऱ्या डॉ. इंदुलेखा पेठे ओशाळून म्हणाल्या. "मुरलेलं कौशल्य हातात उतरतं. पण चिप कुठली आणि मुरलेला हात कुठला, हे यंत्राला कळत नाही."

"नियम म्हणजे नियम," शेवडे म्हणाले.

"मग तुमची पट्टी वाचा," उत्तरा म्हणाली. "डाव बाद करायला लाल बटण दाबलंत ना?"

वाचली. हात आधी, विचार मागून. तीस वर्षांची पंचगिरी ती! शेवड्यांनी चिडून मान्यतेचं हिरवं बटण दाबलं. तिथेही हातच आधी. आता डाव बादही करता येईना आणि मान्यही करता येईना. उत्तराला रडावं की डोकं आपटावं, कळेना.

"बटण दाबताना विचार आधी येईल असा माणूस एकच," डॉक्टर म्हणाल्या. "ज्याला यातलं काही येत नाही."

दोन्ही खेळाडूंच्या संमतीने चहावाल्या गोदाबाईंना बोलावलं. पट्टी त्यांच्याही कपाळावर होतीच. त्या बटणांकडे बघत राहिल्या.

"राजा पाडला कुणी?"

"मी, मावशी," रेहान म्हणाला.

"कुणी हात धरून पाडाय लावला न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग काळ्यावालीच जितली की!"

हिरवं बटण दाबलं गेलं. विचार चार सेकंद आधी. निर्णय वैध.

टाळ्या वाजल्या. डॉ. पेठे उत्तराच्या कानाशी वाकल्या.

"अभिनंदन. उद्याच्या फेरीत मात्र जरा वाईट खेळा."