एकही मेंढी बसली नाही

डॉ. सबा इनामदारांनी मेंढीच्या मांडीच्या हाडाचा काप पडद्यावर मोठा केला आणि खुर्ची बाजूला सरकवली. उज्ज्वला लवटेने पुढे होऊन पाहिलं. निरोगी हाड आतून जाळीदार असतं. इथे ती जाळी वापरून वापरून विरलेल्या लुगड्यासारखी झाली होती.

"म्हातारी होती का गं?" सबाने विचारलं.

"नाही. तिसऱ्या वेताची. माझ्या दादाच्या कळपातली. चढावर पाय मोडला. दादाला वाटलं, खड्ड्यात गेला असेल."

"आणि समतोलकाचा अहवाल?"

"हिरवा," उज्ज्वला म्हणाली. "मरेपर्यंत हिरवा."

समतोलक हे उज्ज्वलाचंच अपत्य. मेंढी व्याली की तिच्या दुधातून इतकं कॅल्शियम जातं की रक्तातलं प्रमाण घसरतं. मग ती मान टाकून खाली बसते, आणि वेळेवर सलाईन मिळालं नाही तर मरते. खरं तर हाडांत साठा भरपूर असतो, पण तो मोकळा करणारी मानेतली ग्रंथी जागी व्हायला फार वेळ लावते. म्हणून उज्ज्वलाने तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र घडवलं. ते कातडीखाली राहून रक्तावर नजर ठेवी आणि कॅल्शियम जरा घसरलं की ग्रंथीचं काम स्वतः करून हाडांतला साठा मोकळा करी. चाऱ्यातून पुरवठा आला की आपोआप गप्प बसे. तेव्हापासून दादाच्या वाड्यावर (धनगरांच्या फिरत्या बिऱ्हाडाला वाडाच म्हणतात) एकही मेंढी बसली नव्हती. उज्ज्वलाचा सत्कार झाला, फोटो छापून आले, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही.

"आणि चाऱ्यातून पुरवठा आलाच नाही तर?"

"त्यासाठी खनिजाच्या चाटण विटा दिल्या होत्या."

"चाटल्या?"

विटा दादाने गावातच ठेवल्या होत्या. मेंढरं ठणठणीत असताना घोडीवर फुकटचं ओझं कशाला? उज्ज्वलाला हे माहीत होतं. पण दिवे हिरवे होते, म्हणून तीही बोलली नव्हती.

"म्हणजे ही मेंढी दुष्काळातलं वाळकं गवत खात, कोकराला पाजत चालत राहिली," सबा सावकाश म्हणाली, "आणि यंत्र तिचं हाड विरघळवून रक्त नीट राखत राहिलं. पूर्वी काय झालं असतं?"

"बसली असती. आणि मेंढी बसली की वाडा हलत नाही, अशी आमच्यात रीत आहे. ती उठेपर्यंत मुक्काम. तिला हिरवा पाला आणून घालायचा, कोकरू दुसरीला लावायचं."

"आणि आता?"

"कुणी बसत नाही. म्हणून वाडा थांबत नाही."

सबा म्हणाली, "सगळी यंत्रं बंद कर."

"बंद केली तर लगेच मरतील. आयतं मिळत गेल्यामुळे त्यांची स्वतःची ग्रंथी झोपून गेलीय." उज्ज्वला म्हणाली. "सबाताई, त्यातलं एक यंत्र मेंढीत नाहीये."

सबाने तिच्याकडे वळून पाहिलं.

पहिल्या बाळंतपणात कॅल्शियम घसरून सारिकावहिनीचे हात वळले होते आणि दातखीळ बसली होती. दवाखाना गाठेपर्यंत सगळ्यांनी आशा सोडली होती. वहिनी वाचली, मूल नाही. दुसऱ्या खेपेला उज्ज्वलाने कुणाची परवानगी घेतली नाही. वहिनीच्या दंडात तिने तो दाणा स्वतःच्या हाताने सरकवला. ते बाळ आता रांगत होतं आणि अंगावरच पीत होतं.

तिने दादाला फोन लावला. "वहिनीला चालू देऊ नकोस. सावकाश आडवी कर. मी गाडी घेऊन येतेय."

"तिला काय झालंया?" दादा हसला. "समद्यांच्या म्होरं चाललीया ती. तू ये की, चाच्या वक्ताला घाटमाथ्यावर घावतो आमी."

रुग्णवाहिका माथ्यावर पोचली तेव्हा वाडा चालतच होता. पुढे सारिका होती, डोक्यावर बोचकं आणि कडेवर बाळ. उज्ज्वला गाडी थांबायच्या आधीच उतरली. आपल्या लाडक्या वहिनीच्या चालण्याचीच तिला भीती वाटत होती.

"वन्सं, एवढं पळत कशापायी आलासा?" सारिका म्हणाली. "मी बरी हाय. औंदा एकदाबी बसले न्हाई बगा."

"बाळ माझ्याकडे दे, वहिनी. बोचकं राहू दे, ते मी घेते. आणि हलू नकोस. आम्ही तुला धरून आडवी करतो."

"धरताय कशाला? मी काय म्हातारी हाय?" सारिकाने बाळ तिच्या हातात दिलं, बोचकं स्वतःच उतरवलं आणि रोजच्यासारखी बांधाच्या कडेला फतकल मारून बसली.

बारीकसा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. सारिकाच्या चेहऱ्यावर आधी नुसतं नवल उमटलं. तिने उठायचा प्रयत्न केला. मग तिने मांडी दोन्ही हातांनी धरली आणि ओठ दाबून घेतले.

उज्ज्वलाच्या मनगटावरच्या पडद्यावर वहिनीचा दिवा हिरवाच होता. बाळ तिच्या कडेवरून दुधासाठी आईकडे झेपावत होतं, आणि ती त्याला घट्ट धरून उभी होती.

मागची मेंढरं येऊन तुंबली. एकूण एक उभी होती, पोटाखाली कोकरं ढुसण्या देत होती. त्यांच्या मागून उज्ज्वलाच्या चुलत्यांनी हाळी घातली, "कंची बसली रं?"

दादा घोडीपाशी गेला आणि मुक्कामासाठी ओझ्याची दोरी सोडू लागला.