रिटा-१

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण युजीन माझा सख्खा पुतण्या, आणि त्या दुपारी तो धावत माझ्याच ओट्यावर येऊन बसला होता.

साल २००७. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळातला गुरुवार. गाव गिरीज.

तेव्हा दुपारी आमच्याकडे केळींना पाणी देणाऱ्या पंपाखेरीज आवाज नसायचा. युजीनचं डीटीपीचं दुकान घराच्या माडीवर. तिथे तीन मॅक कॉम्प्युटर होते. तिसरा, आतल्या खोलीतला, त्याच्या बायकोचा, रिटाचा.

रिटाने अकरा वर्षं म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर बसून लग्नातली गाणी लिहून घेतली. माझ्याकडूनही घेतली. एकेक शब्द तीनतीनदा विचारायची. डिसेंबरात काविळीने गेली बिचारी.

युजीनने तिचा मॅक विकला. गाणी ठेवली.

त्यांचं पुस्तक केलं आणि मुखपृष्ठावर टाकलं, ‘संकलक : युजीन’. आभारांतसुद्धा तिचं नाव नाही.

पुस्तक शुक्रवारी छापायला जायचं होतं, रविवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन.

युजीनचा मॅक सुरू झाला की एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, इतर मॅकवरच्या शेअर ड्राइव्ह आपोआप जोडायची. त्या दुपारी पडद्यावर एकेका ड्राइव्हची चिन्हं आली. चित्रं. पुस्तकं. आणि...

रिटा.

त्याने विरारला कॉम्प्युटरवाल्या सुमेधला फोन लावला. स्क्रिप्ट सुमेधनेच लिहिलेली.

“स्क्रिप्टमधली रिटाची ओळ तू काढली होतीस ना रे?”

“तुमच्यासमोर काढली, अंकल. जुनं रिकामं फोल्डर राहिलं असेल. उडवा. मॅक आहे तो, बायको नाही. एकदा सांगितलं की ऐकतो.”

युजीनने उडवलं. मॅक पुन्हा सुरू केला.

रिटा-१.

“त्याच नावाचं काही शिल्लक असलं की मॅक पुढे आकडा लावतो,” सुमेध म्हणाला. आता तो हसत नव्हता. “पण अंकल, आधी उघडून बघा. चुकून खरी ड्राइव्ह जोडलेली असली, तर तिच्यातलं सगळं जाईल.”

युजीनने उघडलं. आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात खाली पंप बंद पडला...

आणि आतल्या खोलीत कीबोर्ड वाजू लागला. टक. टक. टक. मधेच थांबायचा. एखादा शब्द पुन्हा विचारावा, तसा.

त्या खोलीत आता नुसतं रिकामं टेबल होतं.

युजीनने घाईघाईने डिलीटची कमांड दिली.

रिकामं फोल्डर क्षणात जातं. हे जाईना. डिस्क घरघरत राहिली... मिनिट... दोन मिनिटं...

कीबोर्ड थांबला. रिटा-१ गेलं.

त्याने पुस्तकांची ड्राइव्ह उघडली. कोरी. एक गाणं शिल्लक नाही. कपाटातली सीडी लावली. तीही कोरी.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

शनिवारी सकाळी छापखान्याचा व्हॅलेरियन टेम्पोतून पाचशे प्रती घेऊन हजर.

“कसली पुस्तकं?” युजीनने विचारलं.

“कसली काय? तुझ्याच मेलवरून फाईल आली ना, गुरुवारी तीन-दहाला! पण बाबा, पहिलं पान असलं कसलं? मला वाटलं, मस्करी करतोयस.”

मुखपृष्ठावर होतं, ‘संकलक : रिटा’.

पहिल्या पानावर काळी चौकट. ‘स्वर्गवासी युजीनच्या स्मृतीस.’ खाली मृत्यूची तारीख. दिवस होता, महिना होता...

वर्षाची जागा कोरी.

त्या तारखेला युजीन दरवर्षी सकाळीच माझ्याकडे येतो. दिवस मावळेपर्यंत हलत नाही. मी नुसता चहा करते.

यंदाची तारीख परवा आहे.