पहिलं पीठ

मिथुनच्या तळहातावर अक्षतानं चिमूटभर पीठ ठेवलं, ते निव्वळ चुकून.

जुन्या जालन्यात, धान्याच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर 'घरोबा घरघंटी'चं ऑफिस होतं. घरच्या घरी दळण दळायच्या गिरण्या विकायचं ऑफिस. त्या सकाळी अक्षता बायकांना गिरणी चालवून दाखवत होती. यंत्राची घरघर, बांगड्यांची किणकिण, ज्वारीच्या ताज्या पिठाचा गोडसर वास... ती एकेकीच्या हातावर पीठ ठेवत पुढं सरकत होती. शेवटचा हात जरा मोठा आला. तिनं वर बघितलंच नाही.

"कोमट लागतंय ना, ताई?"

"लागतंय," एक पुरुषी आवाज म्हणाला. "पण मी ताई न्हाई."

बायका खदखदून हसल्या. अक्षतानं मान वर केली. उंच, सावळा, धुक्यानं केस ओलसर झालेला एक तरुण, खांद्यावर बॅग अडकवून, उजवा हात तसाच पसरून उभा होता. मालक तातेराव आतून धावत आले. "अरे, हा मिथुन! आपला भोकरदनचा, पण पुण्यात नाव काढलंय पोरानं," असं म्हणत त्यांनी हात पुढं केला. मिथुननं डावा हात दिला, कारण उजव्यात पीठ होतं. मग बैठक झाली, चहा झाला, जाहिरातीचे कागद उलटून झाले, आणि सगळं आटोपून तो बाहेर आला तरी मूठ मिटलेलीच.

"झटकून टाकायचं की हो!" अक्षता म्हणाली.

"कुठं टाकू, ते तुम्ही सांगितलंच न्हाई."

तिनं ओंजळ पुढं केली. त्यानं पीठ तिच्या ओंजळीत परत ठेवलं. एवढ्या वेळानंही ते कोमटच होतं. हिवाळ्याचे दिवस आणि माडीवर गार वारा... तिच्या अंगावर उगाच शहारा आला. मुठीत होतं म्हणून असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

हातावर पीठ ठेवायची ही रीत तिच्या आईची, बेबीनंदाची. घरघंटी विकायला बेबीनंदा जिल्हाभर हिंडायची. गिरणी बसवली, की पहिलं दळण निघताच त्यातलं मूठभर पीठ शेजारच्या घरी द्यायला लावायची. "पहिलं पीठ शेजारणीला," हा तिचा नेम. मग आठवड्याभरात शेजारीण स्वतःहून गिरणी मागायची. दोन वर्षांमागं बेबीनंदा तीन दिवसांच्या तापानं गेली. तिच्यामागं नवीन गिऱ्हाइकं आटली आणि अक्षतानं घरची गिरणी पुन्हा कधी चालू केली नाही.

तातेरावांनी 'मैत्रीण आणा, चाळणी न्या' अशी योजना काढली. कुणी मैत्रीण आणली नाही. चाळण्या पोत्यात पडून राहिल्या. म्हणून मिथुनला बोलावणं धाडलं होतं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. जुन्या गिऱ्हाइकांचे दोन गट करायचे. दोन्ही गटांना आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रावरून मैत्रीण आणायचा एकच निरोप, पण एका गटाला एका आवाजात, दुसऱ्याला दुसऱ्या. मग दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला विचारायचं, "कुणाच्या ओळखीनं आलात?" ज्या गटाची नावं जास्त निघतील, तो आवाज जिंकला. फोन नंबरचा शेवटचा आकडा सम असेल त्यांना अक्षताचा आवाज, विषम असेल त्यांना मिथुनचा. याला स्प्लिट टेस्ट म्हणतात, असं तो म्हणाला. तातेरावांनी न समजता मान डोलावली.

आवाज भरायला मागची कोठी साफ केली. भिंतींना गोधड्या टांगल्या. आत दोघं, एक माइक आणि मावेल तेवढाच संकोच.

"एका वेळेला एकच गोष्ट बदलायची," मिथुन सांगत होता. "शब्द तेच, वेळ तीच. दोन गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं ते कळत न्हाई."

"मंग तुम्ही हरणार, सर. बायका माझंच ऐकतील."

"हरायला हरकत न्हाई..." तो माइकची वायर उगाच सरळ करत राहिला. "तुमचा आवाज ऐकून मीपण एखादी घरघंटी घेऊन टाकीन."

"स्वयंपाक येतो का?"

"पीठ धरता येतं. बाकी शिकून राह्यलोय."

ती लाजली आणि निरोपाचं पहिलंच वाक्य चुकली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तो हसला म्हणून चुकली.

मग रोज संध्याकाळी खालच्या टपरीवर चहा ठरूनच गेला. एक दिवस कप खाली ठेवून तो म्हणाला, "टेस्ट संपली की मला पुण्याला जायचंय. जायच्या आधी एक विचारू?"

"नका विचारू."

"का?"

अक्षतानं रस्त्याकडं नजर वळवली. "आई म्हणायची, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुण्या पोराला हो म्हणायचं न्हाई. मी हसत हसत शब्द दिला. आन् मंग ती गेली... आता शब्द परत घ्यायला माणूसच न्हाई. मी कुणाला हो म्हणू शकत न्हाई, सर. तुम्हालापण न्हाई."

'तुम्हालापण' म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि मिथुनला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर अर्धं तरी मिळालं. उरलेलं अर्धं तो कुणाकडं मागणार होता?

फोन जायला लागले, आणि दुकानात बायका यायला लागल्या.

अंतरवाली सराटीची दैवशाला नावाची बाई आपल्या जावेला घेऊन आली. "कुणाच्या ओळखीनं आलात?" मिथुननं जावेला विचारलं.

"ह्या माझ्या जाऊबाई. आन् त्यान्ला बेबीनंदाताईंचा फोन आल्ता," जाऊ म्हणाली.

अक्षताच्या हातातला पेला कलंडला. पण लगेच तिनं स्वतःला सावरलं. तिचा आवाज हुबेहूब आईसारखा आहे, हे सगळेच सांगत. "माझा आवाज होता तो, मावशी. मी त्यांची मुलगी."

"असं होय?" दैवशाला म्हणाली. "मला वाटलं त्याच. अगदी त्यांच्यावाणीच विचारलं की, 'पहिलं पीठ कुणाला दिलं गं?'"

हे वाक्य निरोपात नव्हतं. अक्षतानं ते मिथुनला कधी सांगितलंही नव्हतं. आणि मिथुन टक लावून यादीतल्या दैवशालाच्या नंबरकडं बघत होता. तिच्या नंबरचा शेवटचा आकडा विषम होता. तिला मिथुनचा आवाज गेला होता.

त्या दिवसापासून सुरू झालं ते थांबेना. अंबडची बाई, परतूरची बाई, सम आकडा असो की विषम, प्रत्येकीला बेबीनंदाचाच फोन आलेला. प्रत्येकीला एकच प्रश्न, 'पहिलं पीठ कुणाला दिलं गं?' मिथुननं दोन्ही निरोप पुन्हा पुन्हा ऐकले. एकात अक्षता, एकात तो. तिसरं कुणीच नाही. फक्त शेवटी, बोलणं संपल्यावर, बारीकशी घरघर. ज्या कोठीत आवाज भरला तिथं गिरणी नव्हतीच.

"तुम्ही लावून राह्यल्या का हे फोन?" शेवटी त्यानं विचारलं. "आईसारखं बोलून? टेस्ट जिंकायला?"

तिचे डोळे भरून आले. "माझ्या आईचं सोंग घेईन मी? एका चाळणीसाठी?"

तो तिथल्या तिथं वरमला. पण शब्द तोंडातून गेला होता. त्यानं यंत्राचे सगळे फोन बंद केले, तातेरावांना टेस्ट संपली म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीचं पुण्याचं तिकीट काढलं. संध्याकाळच्या चहाला अक्षता गेली नाही. घरी बंद गिरणीपाशी बसून पोटभर रडली.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिचा फोन वाजला. घनसावंगीच्या साळूबाई. बेबीनंदाचं पहिलं गिऱ्हाईक. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं पीठ घ्यायला गल्ली कचरत होती, तेव्हा पुढं होऊन ते पदरात घेणाऱ्या ह्याच.

"पोरी, आजच ये," साळूबाई म्हणाल्या. "आन् त्या पोरालापण घेऊन ये. तुझी आई मला सारखं बजावून राह्यली."

जीपच्या थांब्यावर मिथुन आधीच येऊन उभा होता. साळूबाईंनी त्यालाही फोन केला होता. "माझं चुकलं, अक्षता," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली. जीपमध्ये त्याच्या शेजारी जागा होती, ती तिथंच बसली.

गोदावरीकाठचं धुकं ऊन चढलं तरी उठलं नव्हतं. दोन्ही बाजूंचा ऊस दिसत नव्हता, फक्त पात्यांची सळसळ ऐकू येत होती. वळणावर गाडी कलली आणि तिचा हात त्याच्या हातावर पडला. तिनं तो लगेच काढला नाही. भीती वाटत होती, हे एक कारण. दुसरं तिला माहीत होतं.

साळूबाई ओसरीत वाट बघत होत्या. म्हातारी, पण डोळे लख्ख. आतल्या खोलीत बेबीनंदानं बसवलेली जुनी घरघंटी होती आणि ती घरघरत होती.

"दळण चाललंय का?" मिथुननं विचारलं.

"लाइट तर पहाटेच गेल्ती," साळूबाई शांतपणे म्हणाल्या.

मिथुननं बटण दाबून बघितलं. दिवा लागला नाही. त्यानं घरघंटीची वायर चाचपली. पिन बोर्डात नव्हतीच, ती जमिनीवर पडली होती. तो मागं सरकला आणि त्याच क्षणी घरघर थांबली. अक्षतानं त्याची बाही घट्ट धरली होती.

"भिऊ नका," साळूबाई म्हणाल्या. "ती काय कुणाचं वाईट करायली? जिवंतपणी केलं न्हाई, आता कशाला करंल?"

"काय म्हणते ती, आजी?" अक्षतानं कसंबसं विचारलं.

"ते पीठ हातावर ठेवायची बघ तुझी आई. का ठेवायची, सांगितल्तं का तुला?"

अक्षतानं नाही म्हणून मान हलवली.

"माणूस बघायची ती. कुणी चव घेतंय, कुणी पदराला पुसतंय. बहुतेक झटकून मोकळं होत्यात. ती म्हणायची, साळू, जो झटकत न्हाई आन् कुठं ठेवू म्हणून विचारतो, त्याच्या घरात लेक द्यावी." साळूबाईंनी मिथुनकडं मान वळवली. "काल फोनात म्हणली, मी बघितलंय त्याला. समद्या गावासमोर डाव्या हातानं हात मिळवला, पण पीठ सांडलं न्हाई. लेकीला सांग, मी बघितलंय."

त्या दिवशीचा डावा हात. माडीवर मालक होते, गिऱ्हाइकं होती. पण साळूबाई नव्हत्या, आणि ही गोष्ट त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. अक्षताला रडू आवरेना. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं.

साळूबाईंनी घरघंटीचा डबा ओढून तिच्यापुढं ठेवला. आत ज्वारीचं पांढरंशुभ्र पीठ होतं. "हे माझं न्हाई. मी आज दळलंच न्हाई. तुझ्यासाठी दळलंय तिनं. तुझं पहिलं पीठ."

अक्षतानं हात घातला. पीठ कोमट होतं.

परतीच्या जीपची वाट बघत दोघं फाट्यावर उभी राहिली. धुक्यात रस्ता दोन्हीकडं नाहीसा झाला होता. अक्षताच्या पदराच्या गाठीत पीठ होतं.

"आज पुण्याची गाडी आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे... रद्द करू?"

"मंग नोकरीपण बदलायची, गावपण बदलायचं? एका वेळेला एकच गोष्ट बदलायची म्हणाल्तात ना, सर?"

"एकच बदलतो," मिथुन म्हणाला. "सर म्हणणं बंद करा. बाकीचं मंग बघू."

ती हसली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसली, आणि त्याला ती त्या घडीला जगातल्या कुठल्याही मुलीपेक्षा सुंदर वाटली. तिनं पदराची गाठ सोडली. "हात पुढं कर."

त्यानं केला. तिनं मूठभर पीठ त्याच्या तळहातावर ठेवलं आणि दुकानात प्रत्येक नव्या माणसाला विचारतात ते विचारलं. "कुणाच्या ओळखीनं आलात?"

"बेबीनंदाताईंच्या," मिथुन म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. उजव्या हातात पीठ होतं म्हणून तिनंच तो काढला. पडद्यावर घरोबाचा नंबर, ज्या नंबरवरून जाणारे सगळे फोन त्यानं काल स्वतः बंद केले होते. मिथुनचा चेहरा पांढरा पडला. पीठ मात्र सांडलं नाही.

अक्षतानं फोन कानाला लावला. आधी दूरवरची घरघर. मग तिच्याच आवाजासारखा, पण जरा थकलेला, जरा हसरा एक आवाज.

"पहिलं पीठ कुणाला दिलं गं?"

अक्षतानं मिथुनकडं बघितलं. त्या पसरलेल्या हाताकडं बघितलं.

"ह्याला दिलं, आई," ती म्हणाली. "हो म्हणाले मी."

घरघर थांबली. समोरून धुक्यातून जीपचे दिवे दिसायला लागले, आणि फोन गार पडला.