मागच्या दारचा पाव्हणा

"बूट काढा आधी!"

सारिकानं मान वर न करताच फर्मान सोडलं. ती कोहळ्याच्या वेलात वाकलेली होती. मागच्या दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं, आणि त्याच्या बुटांची टोकं तिच्या कोथिंबिरीच्या वाफ्याला टेकायचीच बाकी होती. एवढं दिसलं, तेवढं तिला पुरे झालं.

"मी... ते... पाय धुवाले..."

"धुवा ना! न्हाणीपाशी बादली भरली हाय. पण बूट त्या दगडावर. माझ्या वाफ्यात बुटानं कोणाले येऊ देत नाई मी. कलेक्टर असला तरी!"

मग तिनं वर पाहिलं, आणि... अगं बाई! इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, आणि पँटीचा एक पाय पोटरीपर्यंत चिखलानं बरबटलेला. गल्लीतल्या नालीनं पाव्हण्याचं जोरदार स्वागत केलेलं दिसत होतं. दुसरा कुणी असता तर नालीच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. हा मात्र हसत होता. डोळ्यांतून हसत होता.

सारिकानं मातीचे हात झटकन ओढणीला पुसले. साहेब! परसबाग स्पर्धेची पाहणी करायला आज सकाळी तालुक्याचे साहेब येणार, म्हणून मायनं उठल्यापासून डोकं खाल्लं होतं. चांगला ड्रेस घाल, केसात मोगरा माळ, साहेब काय म्हणतील! आणि आपण साहेबालाच दटावलं. गेला आपला नंबर बाराच्या भावात!

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. तालुक्याची माणसं यायची होती दुपारी. सकाळी आले होते ते उंद्रीचे पाव्हणे, सारिकाला पाहायला. हे सारिका सोडून अख्ख्या जानेफळ गावाला माहीत होतं.

तिची माय, कलाबाई, तरी काय करणार? दिवाळीनंतर जे पाव्हणे आले, त्यांनी सारिकाला समोरच्या खोलीत चालून दाखवायला लावलं, केस सोडून दाखवायला लावले, आणि दोनदा पोहे मागून खाऊन "कळवतो" म्हणत निघून गेले. त्या दिवशी सारिकानं बशा घासता घासता मायला ठणकावलं होतं, "मी काय बाजारातली गाय हाय? आता कोणी मले पाहायले येणार नाई. लगन नाई झालं तरी चालंन!" पोरगी बोलेल ते करणारी. म्हणून कलाबाईनं ही शक्कल लढवली. पोरीला म्हणाली, बाग पाहायला साहेब येतायत. पाव्हण्यांना म्हणाली, पोरगी मागं बागेत आहे, तयारच आहे. आणि चिखलात पाय घातलेल्या नवरदेवाला पाय धुवायच्या निमित्तानं दिलं मागं पाठवून! एका दगडात दोन पक्षी.

"जय भीम," पाय धुऊन तो अनवाणी आला. "मी प्रसेनजित."

"जय भीम साहेब. या, या. तिकडून नाई, इकडून. तिथं गवार लावली हाय."

"साहेब कायले म्हणता? लाजून जाते माणूस..."

"असं कसं! साहेबच म्हणणार."

आणि सारिका सुटली. बागेचा विषय निघाला की तिचं तोंड म्हणजे धरणाचा दरवाजा. हा शेवगा पाहा, शेंगांनी कसा लगडला. हे न्हाणीचं पाणी, थेंब वाया जात नाही, आधी केळीत, तिथून अळवात, तिथून वांग्यात. चैत्राचं ऊन लागायच्या आत मिरचीवर साडीची सावली बांधली, ती मायची जुनी साडी, मायला सांगू नका. कडुनिंबाची कोवळी लाल पानं वाऱ्यावर लवलवत होती, लिंबाच्या फुलांचा वास सगळ्या अंगणात भरला होता, आणि प्रसेनजित "हाव... हाव..." करत तिच्या मागं चालत होता. तो बाग पाहतोय की आपल्याला, हे मात्र सारिकाला कळेना. साहेबलोक असं रोखून पाहतात का?

कोहळ्याच्या वेलापाशी ती पुन्हा वाकली. एक पिवळंजर्द फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या मागं सारल्या आणि दुसऱ्या फुलाच्या पोटात अलगद टेकवलं.

"हे काय करून राह्यल्या?"

"लगन लावून राह्यली."

"...कोणाचं?"

"ह्या फुलायचं! आजूबाजूच्या वावरात फवारे मारतात ना, मधमाश्या येतच नाईत. मंग मीच लावून देते. हे नर फूल, हे मादी. इच्या देठाशी पाहा, लहानसं कोहळं आतापासूनच हाय. पण लगन नाई लागलं त पिवळं पडून गळते."

"अन् लावलं त धरतेच?"

"धरते. पण फूल आपल्या मर्जीनं उमललेलं असाव लागते. काल मी घाईघाईत कळीच उकलली जबरदस्तीनं... गळली बिचारी."

प्रसेनजितचे कान लालेलाल झाले. तिनं एक नर फूल तोडून त्याच्या हातात दिलं, "घ्या, तुमी लावा. हलक्या हातानं..." तो वाकला. फूल भलतीकडंच टेकवायला लागला. तिनं त्याचं मनगट धरून नीट जागेवर नेलं. परागाची पिवळी भुकटी दोघांच्याही बोटांना लागली, आणि हात सोडायला हवा हे दोघांच्याही जरा उशिरानंच ध्यानात आलं.

"एक इचारू?" तो हळूच म्हणाला. "तुमचं लगन झाल्यावर... ह्या बागेचं काय?"

हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. बिनलग्नाच्या पोरीला कमिटीवाले हेच विचारतात. उत्तरही पाठ होतं. पण त्या डोळ्यांपुढं पाठ केलेलं काही आठवेचना.

"खोटं कायले बोलू, साहेब? मले पाहायले येतात ते समोरच्या खोलीतून उठतच नाईत. शिक्षण किती, रंग कसा, सयपाक येते का... मागच्या दारी काय हाय, हे एकानं इचारलं नाई आजवर. मी इथं असते, साहेब. तिथं पोह्याची बशी धरून बसते ते कोणी दुसरीच."

त्यानं बोटांवरच्या पिवळ्या भुकटीकडं पाहिलं.  मग म्हणाला, "मी त... आधी इथंच आलो."

"तुमचं कामच हाय ते!" सारिका खळखळून हसली.

आणि तेवढ्यात समोर जीपचा हॉर्न वाजला. कलाबाई धापा टाकत मागच्या दारात आली. "सारे! घात झाला वो माय! तालुक्याच्या मॅडम आत्ताच आल्या... दुपारी येणार होत्या ना!"

"तालुक्याच्या?" सारिकानं मायकडं पाहिलं, मग प्रसेनजितकडं. "मंग... हे कोण?"

कलाबाईनं पदर तोंडाला लावला. उत्तर द्यायची वेळच आली नाही. तिच्या मागून प्रसेनजितचे वडील भगवानराव बाहेर आले, हातात पोह्यांची बशी, तोंडात घास. "हेच का पोरगी? नाव काय बाई तुयं? जरा उजेडात ये."

सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायनंच फसवलं! आणि ज्याच्यापुढं आपण मनातलं सगळं ओतलं, तोही त्यांच्यातलाच?

"मजा आली ना तुमाले?" डोळ्यांत पाणी तरारलं तरी आवाज तिनं कापू दिला नाही.

"शप्पथ... मले वाटलं, तुमाले माहीत हाय." प्रसेनजितचा चेहरा उतरला. तो वडिलांकडं वळला. "बाबा, चला. ह्यायले न इचारता आलो आपण. हे बरं नाई झालं."

"अबे, पोरगी अजून पाह्यली कुठं?"

"मी पाह्यली बाबा. मले पसंत हाय. पण त्यायच्या मर्जीबिगर नाई. चला." मग तिच्याकडं वळून, खाली मान घालून, "माफ करा. अन् बाग... लय झकास हाय."

त्यानं दगडावरचे बूट उचलले आणि अनवाणीच निघाला. चिडलेल्या, ओशाळलेल्या माणसाला रस्ता कुठं दिसतो? पण हा गवारीला वळसा घालून गेला, अळवाच्या पाटावरून लांब ढांग टाकली, एका पानाला धक्का लागू दिला नाही. सारिका पाहत होती. जाऊ दे गेला तर, असं डोकं म्हणत होतं. पण तो तिला आवडला होता. साहेब म्हणून नाही, पाव्हणा म्हणून नाही, नुसता तोच आवडला होता. आता लपवायचं कुणापासून? तो दारापर्यंत पोचला, आणि तिला एकदम वाटलं, हा गेला तर आपण जन्मभर आपलाच हट्ट कुरवाळत बसू.

"थांबा!"

सगळे थांबले. भगवानरावांचा घाससुद्धा थांबला.

"तुमी मले पाह्यलं. मी कुठं पाह्यलं तुमाले?" तिनं हात कमरेवर ठेवले. "चालून दाखवा जरा. त्या शेवग्यापासून लिंबापर्यंत."

"अवं सारे!" कलाबाई किंचाळली. पण तिच्या मागं उभे असलेले पंजाबराव, सारिकाचे वडील, एवढ्या मोठ्यानं हसले की कडुनिंबावरचे कावळे उडाले. "चाला पाव्हणे, चाला! आमची पोरगी चालली होती, तवा मी गप बसलो होतो. आज नाई बसणार."

प्रसेनजितनं बूट खाली ठेवले. पाय ओले, पँटीची एक बाजू दुमडलेली. शेवग्यापासून लिंबापर्यंत गेला, परत आला. तोंडावर हसू आवरत नव्हतं.

"बरं. काम काय करता?"

"उंद्रीले मेडिकल हाय माझं."

"झाडं जगवता?"

"एक मनीप्लांट होता..."

"मंग?"

"मेला." त्यानं मान खाली घातली. "पण शिकवसान त शिकीन."

"मंग काय ठरलं पोरी?" भगवानरावांना राहवेना.

"कळवते," सारिका म्हणाली, आणि ओढणी खोचून मॅडमना आणायला गेली.

तालुक्याच्या पुष्पांजली मॅडम बारीक नजरेच्या बाई. वाफा वाफा पाहिला, मूठभर माती उचलून वास घेतला, वेलाखालचं एकेक कोहळं बघितलं. सारिका सांगत होती, आणि कुणी न सांगता प्रसेनजित तिच्या पुढं पुढं वाटेतल्या बादल्या बाजूला करत होता, लिंबाची वाकलेली फांदी मॅडमच्या डोक्याला लागू नये म्हणून वर धरत होता. न्हाणीच्या पाण्याचा पाट तुंबला, तर बाही सरकवून त्यानं कचरा काढला. दारात दोन्ही घरची माणसं श्वास रोखून उभी होती.

"बाग सुंदर आहे," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "असं काम मी तालुक्यात पाहिलं नाही. आणि हे कोण? घरचेच का?"

 प्रसेनजित हातातल्या फांदीसकट तसाच उभा. रिवाज असा की पसंती मुलाकडून यायची, निरोपानं यायची, चार दिवस वाट पाहायला लावून यायची. सारिकानं त्याच्याकडं पाहिलं. अगदी सावकाश, डोक्यापासून चिखलाच्या पँटीपर्यंत, कुणाचीही भीड न ठेवता पाहिलं.

"अजून नाई, मॅडम," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली. "पण होतील. मी पसंत केलं ह्यायले."

फांदी सुटली. लिंबाची फुलं प्रसेनजितच्या डोक्यावर, मॅडमच्या खांद्यावर, सगळीकडं सांडली. कलाबाई रडायला लागली, पंजाबराव पुन्हा हसायला लागले.

"अन् आमाले?" भगवानराव रिकामी बशी हलवत ओरडले. "आमाले कोणी इचारणार का नाई?"

"इचारते ना," सारिका म्हणाली. "बाबा, अजून पोहे वाढू?"

भगवानरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी आधी लेकाकडं पाहिलं, मग कलाबाईकडं, मग पुन्हा सारिकाकडं. आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बाबा म्हणली बे पोरगी मले! वाढ माय, वाढ!"